रोज दोनशे बैठका

भलं करायला जाऊन शेजारणीची कंबर मोडलीय का हो तुम्ही कधी? मी मोडलीय!

माझा गुडघा दुखायचा. डॉक्टर म्हणाले, मांड्या बळकट करा, रोज थोड्या बैठका मारा. झालं! पहिल्या दिवशी दहा, पंधरवड्यात दोनशे. आमच्या नांदूरघाट गावात लाइट जावो नाहीतर घरी पाहुणे येवोत, खाडा म्हणून नाही! कंबर ठणकायला लागली तेव्हा तर आनंदच झाला. म्हटलं, लागू पडतंय!

तेवढ्यावर थांबावं की नाही? शेजारच्या सुशीलालाही ओढलं. ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. म्हटलं, "जायच्या आधी अंग तयार कर गं." माझं बघून बघून तीही दोनशेवर गेली.

एका सकाळी ती बैठकांना आलीच नाही. घरी गेले तर दारात तिचा नवरा, दोन्ही हात पिठाचे!

"काय झालं भाऊजी?"

"काय व्हायचंय वहिनी? तुमची चेली आडवी झालीय. धा दिवसांनी कारखान्यावर न्यायला मुकादमाची गाडी येणार, अन् हिला कूस बदलता यीना!"

ऊस तोडायचा जोडीनं. ती नाही तर त्याचंही जाणं बंद!

माझी भाची स्वाती बीडला फिजिओथेरपिस्ट आहे. रडतच तिला फोन केला. दुपारी आली, सुशीलाची कंबर तपासली आणि माझ्याकडे वळली.

"मावशे, तू कशी मारतीस, दाव बरं."

मी पदर खोचून ऐटीत दहा मारल्या. स्वातीचा हात तोंडावरच गेला!

"ही बैठक हाय?"

"मग काय हाय?"

"अगं, गुडघे वाकतच न्हाईत तुझे! नुसती कमरंत वाकायलीस. हे तर अंगण झाडणं झालं, हातात झाडू तेवढा न्हाई!"

आतून सुशीला कण्हत ओरडली, "तरीच म्हनलं, येवढं काय झाडायलोत आपुन!"

मी बोटांवर हिशेब केला. दोन महिने, रोज दोनशे वेळा! अख्खा केज तालुका झाडून झाला असता हो!

"हिला आठ दिवस आराम. जाईल ती गाडीला," स्वाती म्हणाली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. "अन् तू पाचच मार. पण पाठ सरळ, कुल्ले मागं, खुर्चीत बसल्यावानी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयुष्यातली पहिली खरी बैठक मारली, आणि मला उठवायला सुशीला भिंत धरत धरत आली.