अकरा चौरस मीटर आणि दोन विहिणी

२०१६ सालच्या फेब्रुवारीतला शनिवार. रक्कम आठ हजार चारशे न्यूझीलंड डॉलर, दोन माणसांची. टेबलाच्या पलीकडे चार जण: अमेय, त्याची बायको ऋचा, अमेयची आई मंगलाताई आणि ऋचाची आई उषाताई. अलीकडे मी, ट्रॅव्हल कन्सल्टंट. मागच्या खोलीत आमचे मालक भरतभाई, फोनवर.

मी विचारलेला प्रश्न साधा होता. केबिनमध्ये दोन बेड आहेत, एक खिडकीकडे, एक दाराकडे. खिडकीकडचा कोणाला?

"विहीणबाईंना द्या," मंगलाताई म्हणाल्या.

"छे छे, त्यांनाच. मला काहीही चालतं," उषाताई म्हणाल्या.

"मला तर कुठंही झोप लागते. एसटीत उभ्यानं लागते."

"नको हो. मान तुमचा."

अमेयने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "स्वीट ॲज, काही प्रश्न नाही. तिकडे गेल्यावर दोघी ठरवतील. तुम्ही बुक करा, मीनलताई."

मी ट्विन केबिन बुक केली आणि डिपॉझिट घेतलं, एक हजार सहाशे ऐंशी. बाकीचे पैसे पुढच्या शुक्रवारपर्यंत भरायचे होते.

ऑकलंडच्या पापाटोएटो भागात आमचं ऑफिस मिठाईच्या दुकानाशेजारी आहे. आमचा मुख्य धंदा भारताच्या तिकिटांचा. पण त्या वर्षी मी भूमध्य समुद्रातल्या एका लहान जहाजावर सात केबिन धरून ठेवल्या होत्या. नेपल्सहून निघायचं, सिसिलीच्या किनाऱ्याने गावं बघत माल्टाला उतरायचं. मोठ्या क्रूझवर तीन-चार हजार प्रवासी असतात, लिफ्ट असते, थिएटर असतं. या जहाजावर छत्तीस प्रवासी, एक जेवणघर आणि वर बसायला डेक, बस. फायदा असा की ते लहान बंदरांतही जातं. तोटा असा की केबिनही लहानच असतात.

अमेय-ऋचाला ही ट्रिप दोन्ही आयांना भेट द्यायची होती. त्यांची मुलगी ईरा तीन वर्षांची झाली होती. तेवढी वर्षं या दोघी व्हिसाच्या हिशेबाने आळीपाळीने येत राहिल्या, प्रत्येकी सहा-सहा महिने. एकीचं विमान उतरायचं आणि आठवड्याभरात दुसरीचं उडायचं. त्यामुळे ऋचाची नोकरी टिकली. नातीच्या अंगाईपासून तापापर्यंत सगळं दोघींनी वाटून केलं, पण एकमेकींशी त्यांची ओळख मात्र लग्नात मानाच्या साड्या देण्याघेण्यापुरतीच राहिली. आता ईरा किंडीत, म्हणजे बालवाडीत जायला लागली होती. दोघी एकाच वेळी ऑकलंडमध्ये होत्या आणि भारतात परतताना वाटेत ही ट्रिप करणार होत्या. मंगलाताईंच्या यजमानांचं कोल्हापूरला दुकान, ते येणार नव्हते. उषाताईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले.

मंगळवारी उषाताईंचा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज होता.

"मीनल, मी डेअरीपाशी उभी आहे. दूध आणायला म्हणून बाहेर पडलेय. माझं नाव काढून टाकता येईल का?"

"का हो? काय झालं?"

"काही नाही. नाहीतर मला वेगळी केबिन दे. जादा पैसे मी भरीन, पेन्शनचे आहेत माझ्याकडे. पण ऋचाला कारण सांगायचं नाही."

"कारण मलाही माहीत नाही अजून."

त्यांनी आवाज लहान केला. "हे गेल्यापासून मला रात्री अंधारात झोप लागत नाही. दिवा लागतो."

"नाइट लॅम्प ना? मग काय हरकत आहे?"

"नाइट लॅम्प नाही गं. ट्यूबलाइट. सकाळपर्यंत. विहीणबाईंच्या डोळ्यांवर कसा ठेवू? त्या काही बोलायच्या नाहीत, पण आठ रात्री जागत बसतील. आणि ऋचाला कळलं तर तिला वाटेल आई एकटी राहू शकत नाही. मग ती मला पुण्याला पाठवायचीच नाही."

मी दोन दिवस मागून घेतले.

बुधवारी मंगलाताई स्वतः आल्या. बसने, एकट्या, पायात सुनेच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला. खुर्चीत बसल्या आणि टेबलावर पाकीट ठेवलं.

"विहीणबाईंना येगळी खोली करा. हे पैशे घ्या. कमी पडले तर आमच्या ह्यांना सांगते, ते पाठवतील."

"त्यांनी काही म्हटलं का?"

"त्या कशाला म्हणतील? लेकीची आई. त्या मरत मरत गप्प बसतील. मी घोरते, मीनल. साधंसुधं न्हाई. आमचे हे दुकानातल्या पोत्यांवर जाऊन झोपतात. विधवा बाई, दोन वर्षं झाली नवरा जाऊन, पहिल्यांदाच कुठं हवा खायला चाललीय. तिला माझं घोरणं ऐकवू?"

"मग तुम्हीच त्यांना सांगा ना."

"मी सांगू? मुलाच्या आईनं लेकीच्या आईला सांगायचं की तुम्ही माझ्या खोलीत नको? जलमभर लक्षात राहील ते. माझी सून चांगली आहे. तिच्या मनात काय जायला नको."

त्यांचं पाकीट मी परत त्यांच्या पिशवीत ठेवलं आणि दोन दिवस त्यांच्याकडूनही मागून घेतले.

आता इथे एक धंद्यातली गोष्ट सांगते. केबिनची किंमत दोन माणसांवर धरलेली असते. एकट्याने राहिलात तर दुसऱ्या बेडचा काही भाग तुम्हालाच भरावा लागतो, त्याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात. या जहाजावर ते साठ टक्के होतं, म्हणजे दोन हजार पाचशे वीस. दोघींची समजूत अशी की आपण एकीने एवढे भरले की झालं. पण दोघी वेगळ्या झाल्या की दोन्ही केबिन एकटीच्या होतात, आणि सप्लिमेंटही दोनदा लागतं. पाच हजार चाळीस. तेही केबिन शिल्लक असेल तर.

मी सिडनीला फोन लावला. जहाज कंपनीचं बुकिंग तिथून चालतं. माझ्या सातही केबिन विकल्या गेल्या होत्या. एकच केबिन शिल्लक होती, खालच्या डेकवर, इंजिनरूमला लागून, बिनखिडकीची. ती धरून ठेवायला अडीचशे डॉलर, परत न मिळणारे. तारीख जवळ आलेली, म्हणून फुकट धरून ठेवत नव्हते. मी धरायला सांगितली.

भरतभाईंनी मागून सगळं ऐकलं होतं. ते गुजराती आहेत, पण पंधरा वर्षं ठाण्यात काढलेली.

"अडीचशे कोणाच्या खात्यावर लिहू?"

"बघू."

"बघू नावाचा क्लायंट नाही आपल्याकडे. मीनलबेन, दोघींना वेगळं पाहिजे, दोघी पैसे द्यायला तयार आहेत. तुला अडचण काय आहे? दोन केबिन विक."

"दोघींना वेगळं नकोय. दोघींना दुसरीची सोय हवीय."

"ते इन्व्हॉइसवर कुठल्या कॉलममध्ये लिहितात?"

मला ती खालची केबिन डोळ्यांसमोर येत होती. रात्रभर दिवा लावून झोपणारी बाई, समुद्रावर, बिनखिडकीच्या खोलीत, एकटी. तिथे तिला पाठवायचं आणि वर अडीच हजार घ्यायचे. दुसरीकडे, एकीने विश्वासाने सांगितलेलं दुसरीला सांगणं माझ्या कामात बसत नाही. डॉक्टरसारखी शपथ नसते आमच्याकडे, पण कोणाला मूळव्याध आहे, कोण नवऱ्यापासून दूरची सीट मागतं, हे सगळं आम्हाला माहीत असतं आणि ते आमच्यापाशीच राहतं.

मग मी ब्रोशर उघडलं. त्यात केबिनचा नकाशा मापांसकट होता. अकरा चौरस मीटर, बाथरूम धरून. हा आकडा मी शनिवारी चौघांनाही वाचून दाखवला होता आणि चौघांनीही मान डोलावली होती. अकरा चौरस मीटर ऐकून कोणाच्याच डोळ्यांपुढे काही येत नाही. माझ्याही नाही.

शुक्रवारी ऑफिस बंद झाल्यावर मी टेबलं भिंतीला सरकवली आणि कार्पेटवर मास्किंग टेपने केबिन आखली. चार मीटर चाळीस बाय अडीच मीटर. कोपऱ्यात बाथरूम. दोन बेड प्रत्येकी ऐंशी सेंटिमीटर रुंद, मध्ये जागा नव्वद सेंटिमीटर. बेडच्या जागी वेटिंगमधली दोन बाकं ठेवली. भरतभाई दारात उभे राहून बघत होते, पण टेपचं दुसरं टोक धरायला आले.

ऋचाने दोघींना सोडलं आणि ती भाजी घ्यायला गेली. मी म्हटलं, "पैसे भरायच्या आधी केबिन बघून घ्या. या, इथून दार."

मंगलाताई टेप ओलांडून आत जायला लागल्या. उषाताईंनी त्यांना हाताला धरून बाहेर घेतलं आणि दारातून नेलं.

"एवढंच?" मंगलाताई म्हणाल्या.

"एवढंच."

"आमचं देवघर मोठं हाय याच्यापेक्षा."

दोघी मधल्या जागेत समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीला पुढे जायचं तर दुसरीने बसावंच लागत होतं. उषाताई बसल्या. मंगलाताई पुढे गेल्या, बाथरूमच्या टेपशी उभ्या राहिल्या, परत आल्या. मग मंगलाताई बसल्या आणि उषाताई गेल्या. तीन-चार वेळा असं झाल्यावर मान कोणाचा हे दोघी विसरल्या.

"बॅगा कुठे?"

"बेडखाली," मी म्हटलं.

"साड्या कुठं वाळत घालायच्या? मी दोरी आणते."

"जहाजावर दोरी बांधू देणार नाहीत, विहीणबाई. पंजाबी ड्रेस घेऊ, एका रात्रीत वाळतात."

"मी आन् ड्रेस?"

"ऋचाचा होईल तुम्हाला. मी घालते, मग तुम्ही घाला."

"सकाळी पाचला चहा लागतो मला. शेगडी?"

"केबिनमध्ये काही पेटवता येत नाही," मी म्हटलं. "चहा वर, सहानंतर."

"मग पाच ते सहा मी काय करू?"

"मला उठवू नका म्हणजे झालं," उषाताई म्हणाल्या. शनिवारपासून त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी नकाशावरचं पुढचं वाचलं. "प्रत्येक बेडच्या डोक्याशी एक दिवा आहे. वाचायचा."

मंगलाताई दाराकडच्या बाकावर आडव्या झाल्या, पदर तोंडावर ओढला आणि पदराआडून म्हणाल्या, "आमच्या घराखाली दुकान. समोर बँकेचा बोर्ड, रात्रभर पेटलेला. चाळीस वर्षं अशीच झोपते."

"उजेडात?"

"उजेड काय करतो? लावा की तुम्ही दिवा. वाचता का तुम्ही रात्री?"

उषाताई दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेपचं रीळ गुंडाळत बसले.

"वाचत नाही," त्या म्हणाल्या. "नुसता लागतो. सकाळपर्यंत."

मंगलाताईंनी तोंडावरचा पदर काढला आणि उठून बसल्या. "दोन वर्षं?"

"हो."

"मग मीही सांगते. मी घोरते."

"ते माहीत आहे मला."

"कोणी सांगितलं? अमेयनं?"

"लग्नाच्या आदल्या रात्री कार्यालयात आमची खोली तुमच्या शेजारी होती. आमच्याकडची मुलं दहा वाजता व्यवस्थापकाला विचारून आली, जनरेटर कधी बंद करणार म्हणून."

भरतभाई तोंड फिरवून मागच्या खोलीत गेले. मंगलाताईंचा चेहरा मात्र उतरला. "सहा वर्षं पोटात ठेवलंत? सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक?"

"मुलाच्या आईला कसं सांगणार?"

"आवाजानं झोपला नसाल तुम्ही त्या रात्री."

"नाही झोपले. दुसऱ्या दिवशी मुलगी जायची होती." उषाताईंनी बाकावर पाय वर घेतले. "आता पुण्याला घरात इतकं शांत असतं की मी रेडिओ लावून ठेवते. बॅटरी संपली की जाग येते. तुम्ही घोरा हो. मला कळेल तरी खोलीत कोणी आहे."

मंगलाताई पलीकडचं बाक हाताने थोपटून म्हणाल्या, "खिडकीकडचा तुम्ही घ्या. आता मान म्हणून सांगत नाही. माझ्या नाकापासून तेवढंच लांब."

ऋचा भाजी घेऊन आली तेव्हा दोघी बाकांवर बसून ड्रेसच्या मापाचं बोलत होत्या. "केबिन कशी आहे?" तिने विचारलं. "लहान," दोघी म्हणाल्या.

मी सिडनीला फोन करून खालची केबिन सोडली आणि उरलेले सहा हजार सातशे वीस भरून घेतले. भरतभाईंनी अडीचशे माझ्या कमिशनमधून कापले. टेपचे पैसे मात्र ऑफिसखर्चात धरले. त्यानंतर लहान जहाजाचं प्रत्येक बुकिंग करताना मी केबिन जमिनीवर आखते. त्यामुळे चार बुकिंगं गेली आहेत. गेली ती बरी गेली, नाहीतर ती माणसं बंदरातून भांडायला परत आली असती.

मे महिन्याअखेर ग्रुप निघाला. दोघी माल्टाहून मुंबईला गेल्या आणि तिथून मंगलाताई उषाताईंना आधी कोल्हापूरला घेऊन गेल्या. त्यासाठी उषाताईंचं पुण्याचं रेल्वे तिकीट त्यांनी निघण्याआधी माझ्याकडूनच बदलून घेतलं होतं. जादा आकार मंगलाताईंनी भरला, आणि या वेळी पाकीट मी घेतलं.

जूनमध्ये त्याच ग्रुपमधल्या एका जोडप्याची ईमेल आली. हे जोडपं हॅमिल्टनच्या ‘ते रापा’ नावाच्या उपनगरात राहतं, नवरा तिथल्या दूध कारखान्यात आहे. त्यांची केबिन या दोघींच्या शेजारची. त्याने लिहिलं होतं की मशिनांच्या शेजारी रात्रपाळी करून त्याला आवाजाची सवय आहे, पण बायकोला नाही, आणि रात्री भिंतीवर थाप मारली तर पलीकडून दुसऱ्याच बाईंचा आवाज आला, "सॉरी हं, त्या झोपल्यात, उठवू नका."

मी जमीन आखली होती. दोन केबिनमधली भिंत किती पातळ आहे, ते ब्रोशरमध्ये नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. हिशेब असा मिटला: सिडनीच्या कंपनीला आठ हजार चारशे, अमेय आणि ऋचाने. त्याच कंपनीला अडीचशे, मी. आणि शंभर डॉलरचं व्हाउचर, भरतभाईंनी, कुरकुरत, ‘ते रापा’च्या जोडप्याला.