उखाण्यातलं मत

सत्तावन सालची निवडणूक बघायला मी वर्ध्याला निघालो, तेव्हा पुण्याच्या मित्रमंडळींनी मला वेड्यात काढलं. मतदान काय बघायचं असतं? मला बघायचं होतं. सरकारवर लोक चिडलेत म्हणतात, तर ती चीड पेटीत टाकतात तरी कशी?

वर्ध्याहून मोटारीने देवळी गाठली. पुढे एका दमणीत (माणसं बसायची हलकी बैलगाडी) जागा मिळाली. बाजार करून गावी परतणाऱ्या कौसल्याबाई मागे, बैल हाकायला त्यांचे यजमान. वाटेत नाला लागला. पूल नाही. चाक वाळूत रुतलं, मी ढोपरभर पाण्यात उतरून ढकललं आणि एक वहाण गमावून बसलो.

"पावसाळ्यात काय करता?" मी विचारलं.

"काय करतो? बसतो अल्याड," कौसल्याबाई म्हणाल्या. "सून अडली बाळंतपणाले, दवाखाना देवळीले, अन् नाल्याले पूर. लेकरू गेलं, बाप्पा. मांगच्या निवडणुकीत साहेबानं पूल कबूल केलता. आता सोडत नाई त्याले!"

साहेब म्हणजे तिथले खासदार, सरकार पक्षाचे.

"साहेब माह्या खाटेवर बसून चहा प्याले," यजमान पुढूनच म्हणाले. "त्याईले काऊन पाडू?"

मग दोघं गावापर्यंत बोलले नाहीत. तरी त्यांनी मला आपल्याकडेच उतरवून घेतलं. भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि घरातली पोरं खूश झाली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मतदान. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. मी दारातून डोकावत होतो. कौसल्याबाईंची पाळी आली आणि घोडं अडलं. यादीत दोन कौसल्या!

"नवऱ्याचं नाव सांगा," अधिकारी म्हणाले.

नवऱ्याचं नाव तोंडाने कसं घ्यायचं? कौसल्याबाईंनी पुरुषांच्या रांगेकडे पाहिलं. यजमान आढ्याकडे बघत उभे! मला त्या माणसाचा असा संताप आला म्हणून सांगू.

"मी सांगतो," मागून कुणीतरी म्हणालं.

"बाईनंच सांगावं," साहेबांचा प्रतिनिधी अडून बसला. "नाई तर जावं घरी."

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "उखाणा घे वं! उखाण्यात चालते!"

कौसल्याबाईंनी पदर सावरला. आणि खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या,

"पाच सालं वाट पाह्यली, पूल काई होईना,
महादेवरावांचं नाव घेते, साहेबाले मत देईना!"

असा हशा नि अशा टाळ्या मी नाटकातही ऐकल्या नव्हत्या. प्रतिनिधी लालबुंद. "हा प्रचार आहे! मत बाद करा!"

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. "मी नाव विचारलं, त्यांनी नाव सांगितलं. बाई, ही घ्या मतपत्रिका. मत कुणाला ते मात्र आता मनातच ठेवा."

बाहेर महादेवराव कानापर्यंत लाल झाले होते. "लगनानंतर पह्यल्यांदा घेतलं माहं नाव," ते पुटपुटले, "अन् तेबी साहेबाले पाडाले." पण चेहऱ्यावर हसू होतं, ते काही लपेना.

पुण्याला परतल्यावर आठवड्याभराने पेपरात वाचलं, साहेब पडले. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. राग पेटीत कसा टाकतात, ते मी पाहून आलो होतो. नवे खासदार पूल बांधतील की नाही, देव जाणे. नाही बांधला, तर पाच वर्षांनी कौसल्याबाईंना उखाण्यातला एक शब्दही बदलावा लागणार नाही.