पॅराशूट सरांचं राहिलेलं उड्डाण

दिवाळीत सगळ्या गल्लीची नजर आभाळात गेलेल्या रॉकेटवर असायची, तेव्हा आमचे सर खाली पडणाऱ्या काडीमागे धावायचे. पन्नाशी ओलांडलेले, कपाळावर विभूती, आणि लोकांच्या अंगणात, गटारीच्या कडेला वाकून ती जळकी काडी शोधायचे. सापडली की उलटसुलट करून बघायचे. "चांगली हाय की अजून! एकदा वापरून फेकायची म्हणजे काय?" उदगीरच्या आमच्या कॉलेजात त्यांना सगळे पॅराशूट सर म्हणत.

तरुणपणी ते दक्षिणेत, रॉकेटं बनवणाऱ्या एका केंद्रात नोकरीला होते. रॉकेटला वर ढकलणारा बूस्टर इंधन संपलं की सुटतो आणि समुद्रात पडून वाया जातो. तो पॅराशूटनं अलगद उतरवायचा, जहाजानं ओढून आणायचा आणि दुरुस्त करून पुन्हा वापरायचा, यावर सरांच्या तुकडीनं उमेदीची वर्षं घातली. एका चाचणीत पॅराशूट अर्धंच उघडलं. बूस्टर पाण्यावर आपटून फुटला, बुडाला. पुढे तुकडीच मोडली. सर राजीनामा देऊन घरी आले. मोंढ्यातली घरची धान्याची आडत भाऊ बघत होता, म्हणून ते अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवू लागले.

कुठलाही धडा असो, तास संपता संपता ते बूस्टरवर यायचे. "परत आणायच्या तीन वाटा हायत. पंख लावा, विमानासारखं उतरवा. न्हाईतर थोडं इंधन राखून ठेवा, खाली येताना इंजिन पुन्हा पेटवा अन् पायावर उभं करा. तिसरी आपली, कापडाची." 'आपली' म्हणताना त्यांचा आवाज हळवा व्हायचा.

पोरांना छोटी रॉकेटं बनवायला कॉलेजात एक वर्कशॉप मिळावं म्हणून ते दरवर्षी प्राचार्यांकडे जायचे. प्राचार्य चहा पाजायचे आणि म्हणायचे, "थांबा हो सर. उदगीर जिल्हा होऊन राहिला. जिल्हा झाला की विज्ञान केंद्र येतंय, तुमचं वर्कशॉप त्याच्यात." सव्वीस जानेवारी जवळ आली की नव्या जिल्ह्याची घोषणा होणार, अशी गावात आवई उठायची. सर इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसायचे. बातम्या संपायच्या, आणि ते शर्ट घडी करून ठेवायचे.

मी बिलोलीची, हॉस्टेलवर राहायचे. मी बारावीला होते त्या वर्षीही पाऊस आला नाही. गावाबाहेरचा तलाव आटून भेगाळला. सर म्हणाले, "दुष्काळानं आपल्याला मैदान तरी दिलं." आम्ही काही मुलींनी नळीचं रॉकेट जोडलं. पॅराशूट सरांच्या आईनं, अव्वांनी, जुन्या छत्र्यांच्या कापडातून शिवून दिलं. एका सकाळी ते उडालं. वर गेल्यावर ते काळं कापड फुललं आणि नळी डुलत डुलत तलावाच्या मातीत उतरली. आम्ही ओरडत सुटलो. सर मात्र तिच्यापाशी बसून कुठे तडा गेलाय का ते चाचपत होते. "परत आली, बरं झालं. पण हीच नळी दुसऱ्यांदा उडाली, तरच खरं."

थोड्याच दिवसांनी प्राचार्यांनी स्टाफरूमच्या दारातून हाक मारली. "सर, या की! तुमचं रॉकेट उतरलं अमेरिकेत." आम्हीही मागून डोकावलो. मोबाइलवर एक उंच बूस्टर आगीच्या झोतावर उभाच्या उभा खाली आला आणि पायांवर थांबला. सरांनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. "कापड न्हाईच की," एवढंच म्हणाले. प्राचार्य हसले. "त्यांनी करून दाखवलं. आता आपल्याला कशाला वर्कशॉप?" सर त्या दिवशी तासाला आले नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाला हॉस्टेलचं पाणी बंद झालं. परीक्षा होताच खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. मी सरांच्या घरी गेले. "सर, जायच्या आधी दुसरं उड्डाण करू या." ते तयार नव्हते. अव्वाच म्हणाल्या, "जा रे. पोरगी एवढं म्हणून राहिली."

तलावात पोहोचलो, तर जागोजाग माणूसभर खोल खड्डे खणलेले. आत बायका बसलेल्या, तळाशी झिरपणारं गढूळ पाणी वाटीवाटीनं घागरीत भरत होत्या. काठावर घागरींची रांग. सर हातात नळी घेऊन उभेच राहिले. एका म्हातारीनं खड्ड्यातून मान वर काढली.

"मास्तर, यानं पाऊस पडतो का हो?"

सरांनी नळी पाठीमागं घेतली. "न्हाई माय. यानं काई होत न्हाई."

नळी न उडवताच आम्ही परतलो. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. सरांनी कॉलेज सोडल्याचं मला बिलोलीतच कळलं.

काही वर्षांनी उदगीरला गेले, तेव्हा ते भावाच्या आडतीत, काट्याशेजारी बसले होते. अव्वा गेल्या होत्या. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"काय करून राहिलीस?"

"बिलोलीला शाळेत विज्ञान शिकवते, सर. पोरांना बूस्टरचंही सांगते."

त्यांनी समोरच्या पोत्यातली मूठभर तूर घेतली, निरखली, परत टाकली. मी वाट बघत होते. त्यांनी काहीतरी विचारावं, निदान कापडाचं सांगतेस का, एवढं तरी.

"तिकडं पाणी हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय, सर."

"मग झालं," ते म्हणाले, आणि हमालाला पुढचं पोतं काट्यावर घ्यायला सांगितलं.