हॉटेलचा साबण

परवा लग्नाच्या हॉलवर हात धुताना तोच गुलाबी साबणाचा वास आला आणि ती निवडणूक आठवली. वरच्या सभागृहाचा आमदार आम्ही जिल्हा परिषदेचे मेंबर निवडणार होतो. वस्तीला दिलेला शब्द मोडून मी आठ दिवस दुसऱ्याच उमेदवाराच्या हॉटेलात राहिलो, सांगतील तिथं मत टाकलं आणि ऊन कलताना लिंबागणेश गावाच्या पुढं आमच्या वस्तीवर परतलो. घरामागच्या काटेरी कुंपणात पाय ठेवताच आमची सगळी मेंढरं, एकही न ओरडता, मागच्या काट्यांना जाऊन चिकटली. “कोन हाय बे?” मोतीबिंदूनं दृष्टी गेलेल्या वडिलांनी विचारलं. “मी हाय, दादा.” ते बराच वेळ नुसता वास घेत राहिले. “आवाज तर पोराचाच हाय,” ते पुटपुटले, “मग मेंढरं कावून भ्यायलीत?” मतदान गुप्त होतं, असं मी आजही स्वतःला सांगतो.