काचेतली सवत

नवऱ्याच्या मुळशी धरणावरच्या नोकरीमुळं आम्हाला तळ्याकाठी दोन खोल्या मिळाल्या होत्या. माझं माहेर नेऱ्याचं, माणसांनी भरलेलं. इथं हे कामावर गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि भिंती.

एकदा हे कामानिमित्त मुंबईला गेले. मला नेलं नाही ते नाहीच. तिथं मत्स्यालयात ह्यांनी केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे पाहिले, जोडीजोडीनं राहणारे. आल्यावर घरात दुसरा विषय नाही. पण ते मासे पडले खाऱ्या पाण्यातले, मुळशीत जगणार कसे? मग पुण्याहून एक सोनेरी मासा आला. पत्र्याची चौकट, काचा, पाणी गळू नये म्हणून फटीत लांबी, अशी पेटी ह्यांनी स्वतः बनवली. माझ्या मोरीचं दार वर्षभर लोंबत होतं, त्याला एक खिळा मारायला मात्र ह्यांना सवड नव्हती.

त्या माशानं माझं डोकं फिरवलं. घरात पाऊल टाकलं की हे आधी पेटीपाशी. "जेवलास का रं?" मला असं कधी कुणी विचारलं नाही. त्याच्यासाठी तळ्यावरून खांद्यावर घागर यायची. माझा हंडा मीच आणायची. शेजारणी चिडवायच्या, "सवतीचं जेवान झालं का गं?" मी वरवर हसायची आणि आतून जळायची. हो, जळायचीच, आणि तीही बोटाएवढ्या माशावर.

एका रविवारी हे एसटीनं पुण्याला गेले आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा घेऊन आले. मला वाटलं, गजरा असेल. पिठाचे हात धुऊन मी पुढं झाले. डब्यात पाणी होतं, आणि पाण्यात दुसरा मासा.

"रोज बघतुया मी," हे म्हणाले. "दिसभर काचेला तोंड लावून ऱ्हातो. एकटा जीव लई झुरतोय. म्हणून त्याला जोडीदारीण आणली."

माझा संताप अनावर झाला.

"दोन वर्सं मी त्या खिडकीला तोंड लावून बसतीया," मी म्हणाले. "ते न्हाई दिसलं तुमास्नी?"

हे गडबडले. "अगं, मग बोलायचं व्हतं की. तू तर कधी काय बोलली न्हाईस."

"मासा बोलला व्हता व्हय?"

ह्यांनी डब्यातला मासा पेटीत सोडला. जेवताना ताटातून मान वर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे घागर घेऊन तळ्यावर गेले. परत आल्यावर ती कुठं ओततात, ते मी चुलीपुढून चोरून बघत होते. पेटीपाशी हे जरा थांबले. मग आत आले आणि घागर माझ्या हंड्यात ओतली.

हे दुसऱ्या खेपेला गेल्यावर मी पेटीपाशी जाऊन उभी राहिले. नव्या माशीणबाई काचेला तोंड लावून होत्या. मी म्हटलं, आता बस तू वाट बघत.