एक बोट

ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात आम्ही दोघं गाडीवर तंबू बांधून हिंडत होतो. तांबडी माती, सरळ रस्ता, तासाभरात एखादी गाडी. समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टेअरिंगवरून एक बोट उचलायचा.

"आपलं काहीतरी लटकतंय," बायको म्हणायची. मी उतरून टायर बघायचो, तंबूच्या दोऱ्या ओढून पाहायचो. सगळं ठीक निघालं की हायसं वाटायच्या ऐवजी संशय वाढायचा. मग बोट कशासाठी?

आपल्याकडे अनोळखी माणूस रस्त्यात हात करतो तो स्टँड वर घ्या, ओढणी चाकात जातेय, एवढंच सांगायला. नुसतं बरं वाटलं म्हणून कोण कुणाला हात करतं?

शेवटी पेट्रोलपंपावरची बाई हसून म्हणाली, "अहो, तो नमस्कार असतो. इथे माणूस दिसला की बरं वाटतं." ते खरं मानायला मला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी समोरच्या गाडीला मीच आधी बोट उचललं. मग आरशात पाहिलं, तर ती गाडी कडेला थांबली होती आणि एक गृहस्थ वाकून मागचं चाक तपासत होते.

"आपल्याकडचेच असणार," बायको म्हणाली.