कोपर ते मनगट

"एका बोटानं दाखवा."

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला आमच्या हाडांच्या डॉक्टर मॅडम आधी हेच सांगायच्या. माणूस अख्खा पंजा कमरेवरून फिरवून "हितून तिथवर समदं" म्हणायचा. मॅडम पेन खाली ठेवून वाट बघायच्या. बोट नेमकं टेकेपर्यंत पुढची चौकशी नाही.

केजला त्यांच्या दवाखान्याखाली माझं मेडिकलचं दुकान आहे. तुम्हीही असा एखादा डॉक्टर पाहिला असेल, ज्याला माणसाचं नाव आठवत नाही, पण गुडघा बरोबर आठवतो. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मॅडमनी मुलाच्या मामाला दारातच सांगितलं, डावा खुबा तपासून घ्या. पाहुणे गांगरले. सोयरीक तरीही जमली आणि मामा अजून माझ्याकडून गोळ्या नेतो.

दसरा झाला की आमच्याकडे ऊसतोडीच्या गाड्या निघतात. टोळी नेणारा मुकादम नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतो. त्या वर्षी लिंबागणेशकडच्या एका पोरसवदा बाईचा उजवा हात मोडला होता. गाडी चुकेल म्हणून नवऱ्यानं प्लास्टर बादलीत भिजवून सोलून काढलं, आणि दोघं मुकादमाला घेऊनच आले. हात बरा झाला, एवढं मॅडमनी त्याला सांगावं. मी तेव्हा प्लास्टरच्या पट्ट्या द्यायला वर गेलो होतो.

मॅडमनी फोटो काढला. हाड सांधत होतं, पण कच्चं होतं. आता कोयता धरला तर वाकडं जुळेल, म्हणून त्यांनी साफ नकार दिला. मुकादम म्हणाला, एकट्याचा कोयता चालत नाही, मग दोघांनीही घरीच राहावं. ती बाई रडायला लागली.

मॅडमनी मुकादमाचाच उजवा हात धरला. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, तळवा पालथा केला की एक दुसऱ्यावरून फिरतं, कोयता मारताना हेच होतं, असं सांगत त्या हात फिरवायला लागल्या आणि थांबल्या. त्याचा तळवा उताणा होईना, अर्ध्यावरच अडकला होता.

"लहानपणी मोडलाय. देवळात प्रसाद कुठल्या हातानं घेता?"

मुकादम खाली बघत म्हणाला, "डाव्या. लोक बोलत्यात. आई उसाच्या फडात होती म्याडम, हात बांधायला कुणाला सवडच न्हाई गावली."

मला वाटलं, आता मॅडम त्याला फैलावर घेणार. त्यांनी त्याचा हात नुसता धरून ठेवला.

मग मुकादमच म्हणाला, "हिचा दीर येईल कोयत्याला. ही फडाजवळ कोपीत बसून पोरं सांभाळंल."

मॅडमनी नवं प्लास्टर घातलं आणि नवऱ्याला बजावलं, पुन्हा बादली दिसली तर तुझ्या हाताला घालीन.

त्या हिवाळ्यात मॅडम अचानक गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. वरचा दवाखाना बंदच आहे.

उन्हाच्या तोंडावर गाड्या परतल्या. ती बाई थेट जिना चढली आणि कुलूप बघून खाली आली. मी तिला सांगितलं. ती दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. मग उठली आणि प्लास्टर निघालेला उजवा हात काउंटरवर ठेवला.

"भाऊ, तुमी तरी बघा."

मला हाडांतलं ओ की ठो कळत नाही. तरी मी तो हात घेतला आणि कोपरापासून मनगटापर्यंत सावकाश चाचपत गेलो. सरळ लागला. तसं तिला सांगितलं.